सोसणं म्हणजे माफ करणं नव्हे

मागच्या वेळी जाताना काही श्रोत्यांनी आम्हांला अडवून विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला घटस्फोटाच्या कायद्यात काय पडलंय? वकिलांना बोलवा की! प्रश्न रास्त आहे. पण ‘क्रूरता’ हा शब्द कायद्याने घडवलेला नाही. तो नीतिशास्त्रातून, रोजच्या बोलण्यातून कायद्यात गेला. आपला शब्द दुसऱ्याच्या घरी नांदायला गेला, तर तिथे त्याचं काय झालं ही चौकशी करायचा हक्क आपल्याला राहतोच. आज आम्ही तेवढीच चौकशी करणार आहोत.

पद्धत अशी, की कादंबरीची समीक्षा करतो तसं एक निकालपत्र वाचायचं. निकालपत्रात पात्रं असतात, निवेदक असतो, काय सांगायचं आणि काय गाळायचं याची निवड असते. आणि शेवट असा असतो, की त्याने खऱ्या माणसांचं आयुष्य बदलतं. म्हणून त्याची समीक्षा जास्त जपून आणि जास्त निर्भीडपणे करायला हवी.

पण आधी एक हकीकत सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे बोलायचा आम्हांला अधिकार नाही.

आमची एक विद्यार्थिनी होती. एम. ए. झाली, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागली, लग्न झालं. चार वर्षांनी दिवाळीत घरी आली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग म्हणाली, “सर, मला तिथं राहवत नाही.” आम्ही विचारलं, “मारतो का?” “नाही.” “दारू?” “नाही.” “मग?” त्यावर तिला नीट सांगता येईना. तो तीन-तीन आठवडे बोलत नाही, म्हणाली. भाजीचासुद्धा हिशेब लिहून मागतो. पासबुक त्याच्याकडे असतं. आईचा फोन आला की टीव्हीचा आवाज वाढवतो. पाहुण्यांसमोर माझ्या बोलण्याची नक्कल करतो आणि सगळे हसतात. “सर, सांगायला गेलं की सगळं क्षुल्लकच वाटतं.”

आणि आम्हांलाही ते क्षुल्लकच वाटलं. आम्ही म्हणालो, “अगं, भांड्याला भांडं लागायचंच. दोन वर्षं दम धर.” पुढे तिला एक पत्रही लिहिलं, की तू समंजसपणे सांभाळून घेते आहेस याचं आम्हांला कौतुक वाटतं. ती गेल्यावर आमच्या पत्नीने विचारलं होतं, “तिला घरी जायची भीती वाटते का, हे विचारलंत का तुम्ही?” आम्ही विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या माणसाला तो एक प्रश्न सुचला नव्हता.

त्या पत्राचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो. आता कायद्याकडे जाऊ.

1955च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे घटस्फोटाचं कारण नव्हतंच. ते फक्त न्यायिक विभक्ततेचं कारण होतं. म्हणजे वेगळं राहायची परवानगी, पण लग्न कायम. शिवाय नुसती क्रूरता पुरत नसे. या माणसाबरोबर राहणं आपल्याला अपायकारक ठरेल, अशी रास्त धास्ती अर्जदाराच्या मनात निर्माण होईल इतकी ती असावी लागे. 1976च्या दुरुस्तीने क्रूरता घटस्फोटाच्या कारणांमध्ये आली आणि ती धास्तीची अट गेली. आता कलम 13 मध्ये एवढंच उरलं, की लग्नानंतर दुसऱ्या पक्षाने अर्जदाराला क्रूरतेने वागवलेलं असलं पाहिजे. क्रूरता म्हणजे काय, हे सांगितलेलं नाही.

व्याख्या नसणं हा दोष नाही. 1939च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने पत्नीच्या बाजूने क्रूरतेचे प्रकार मोजून दिले. मारहाण तर आहेच, पण शारीरिक इजा न करता आयुष्य असह्य करणं, तिची मालमत्ता विकणं, तिच्या धर्माचरणात अडथळा आणणं हेही त्यात आहे. उलट ख्रिस्ती स्त्रीला 1869च्या कायद्यानुसार नवऱ्याची क्रूरता एकटी पुरत नसे, तिला त्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. ही अट मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये मोडून काढली आणि संसदेने 2001 मध्ये कायदाच बदलला. गोव्यात पोर्तुगीजांच्या 1910च्या कायद्यापासून दुर्वर्तन आणि गंभीर अपमान ही घटस्फोटाची कारणं होती. म्हणजे एकाच पश्चिम किनाऱ्यावर बाईने किती सोसल्यावर तिला सुटता येईल, याचं उत्तर ती कुठल्या गावात आणि कुठल्या धर्मात जन्मली यावर ठरत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. क्रूरतेचं माप निसर्गाने दिलेलं नाही. ते माणसांनी ठरवलेलं आहे, म्हणून ते तपासता येतं.

आता निकालपत्र. दास्ताने विरुद्ध दास्ताने, सर्वोच्च न्यायालय, 19 मार्च 1975. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड, पुण्याचे, पुढे सरन्यायाधीश झाले. खटलाही पुण्याचा. लग्न 1956 चं, दोन्ही बाजू शिकलेल्या, घरं प्रतिष्ठित. पतीने 1962 मध्ये अर्ज केला. लग्नाच्या वेळी फसवणूक झाली, पत्नीचं मानसिक आरोग्य ठीक नाही, आणि काहीच नाही तर ती क्रूरतेने वागते म्हणून न्यायिक विभक्तता द्या, असं त्याचं म्हणणं. पहिली दोन कारणं टिकली नाहीत. क्रूरतेचं कारण पहिल्या न्यायालयाने मानलं, जिल्हा न्यायालयाने अमान्य केलं, उच्च न्यायालयाने तेच कायम केलं, आणि मग प्रकरण दिल्लीला गेलं.

वकील मंडळी हा निकाल आजही उद्धृत करतात, आणि त्याला कारण आहे. त्याने तीन चांगल्या गोष्टी केल्या.

पहिली पुराव्याची. लग्नातलं क्रौर्य खुनासारखं निःसंशय सिद्ध करायची गरज नाही, दिवाणी दाव्यासारखं शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहायचं. त्याआधी काही न्यायालयं नवरा-बायकोच्या भांडणाला फौजदारी गज लावत होती. दुसरी गोष्ट, जीविताला, अवयवाला किंवा आरोग्याला धोका हवाच, ही इंग्लंडच्या 1897च्या रसेल खटल्यातली कसोटी इथे लागू नाही, कारण आपल्या कायद्याचे शब्द वेगळे आहेत. आणि तिसरी, आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटणारी. न्यायालयासमोर आदर्श पती आणि आदर्श पत्नी नसतात, ही दोन विशिष्ट माणसं असतात, त्यांच्याकडे पाहूनच निर्णय करायचा. नीतिशास्त्राच्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहावं अशा तोलाचं आहे. जो नीतिनियम समोरच्या माणसाचं तोंडच पाहत नाही, तो नियम अर्धवट असतो.

मग समीक्षा कसली करायची? शेवटाची.

न्यायालयाने पुरावा तपासला आणि ठरवलं, की पत्नीचं वागणं क्रूरतेत बसतं. जीव देण्याच्या, घर पेटवण्याच्या धमक्या, मंगळसूत्र तोडणं, सासरच्यांबद्दल वाईट बोलणं, हे सगळं धरून. पण अपील मात्र फेटाळलं. कारण कलम 23. अर्जदाराने ती क्रूरता कुठल्याही प्रकारे माफ केलेली नाही, याबद्दल न्यायालयाची खात्री पटावी लागते. कायद्याच्या इंग्रजीत याला ‘कन्डोनेशन’ म्हणतात. न्यायालय म्हणालं, हे दोघं 1961च्या फेब्रुवारीपर्यंत नवरा-बायको म्हणून एकत्र राहिले, त्या काळातच तिसऱ्या अपत्याची चाहूल लागली. याचा अर्थ पतीने झालं गेलं माफ केलं होतं. आणि वेगळं झाल्यानंतरचं पत्नीचं वागणं इतकं गंभीर नव्हतं, की माफ झालेली क्रूरता पुन्हा जिवंत व्हावी.

आता नीट ऐका. माफी झाली होती, असा बचाव पत्नीने घेतलेलाच नव्हता. पती तर म्हणतच होता, की मला सुटका हवी. दोघांपैकी कुणीही ज्या माफीचा उच्चार केला नाही, ती माफी न्यायालयाने शोधून काढली. कायद्याने ते त्यांचं कर्तव्यच होतं, म्हणून न्यायमूर्तींना दोष देता येत नाही. पण समीक्षकाला एवढं विचारता येतं, की ही माफी राहत कुठे होती? कुणाच्या मनात?

क्षमा ही काय चीज आहे? जिच्यावर अन्याय झाला त्या व्यक्तीने अन्याय ओळखावा, आपण दाद मागू शकतो हे तिला ठाऊक असावं, आणि तरीही ती मोकळ्या मनाने सोडून द्यावी, याला आपण क्षमा म्हणतो. तिच्यात निवड असते. निघून जायला दार उघडं असताना जो थांबतो, त्याच्या थांबण्याला क्षमा म्हणता येईल. ज्याला दारच दिसत नाही, त्याचं थांबणं म्हणजे फक्त थांबणं. कलम 23 या दोहोंमध्ये फरक करायला जागा देतं, पण साधन देत नाही. मग न्यायालय दिसण्याजोगी खूण शोधतं. एक घर, एक शय्या, एक मूल. आणि आपल्या समाजात या तीन खुणा क्षमेच्या आहेत, असं कोण छातीठोकपणे म्हणेल? आपल्याकडे मुलं ही मनं जुळल्याचीच साक्ष असती, तर या देशाची लोकसंख्या बरीच कमी राहिली असती.

हसू नका, किंवा हसा, पण पुढचं लक्षात घ्या. या खटल्यात तक्रारदार पुरुष होता, म्हणून त्या नियमाची धार आपल्याला बोथट वाटते. तोच नियम बाईला लावून पाहा. तिचं माहेर दोन खोल्यांचं, धाकटी बहीण लग्नाची, हातात पैसा नाही, कडेवर मूल. ती राहते. दहा वर्षं राहते. जितकी जास्त राहील, तितका माफीचा पुरावा वाढत जातो. म्हणजे ज्याला जास्त सोसावं लागलं, त्याचाच दावा कमी होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार द्यायचा, आणि नंतर म्हणायचं, ओरडली कुठे होती? आम्हांला या नियमात तर्काची चूक दिसते. सहन करण्याच्या कृतीवरून क्षमेच्या हेतूचं अनुमान काढलं आहे, आणि मधली पायरी गाळली आहे.

आता त्या पत्राकडे येऊ.

दोन वर्षं दम धरून आमची विद्यार्थिनी बाहेर पडली आणि क्रूरतेच्या कारणावर तिने अर्ज केला. वकिलाने सांगितलं, घटना द्या. तारीख, वार, साक्षीदार. तिच्याकडे घटना नव्हत्या, दिवस होते. टीव्हीचा आवाज कोणत्या तारखेला वाढवला? नक्कल केली तेव्हा कोण हसलं? हसलेली माणसं साक्षीला येणार होती थोडीच! उलटतपासणीत विचारलं गेलं, की त्या दोन वर्षांत तुम्ही कोकणात सहलीला गेलात ना? गणपतीतल्या फोटोत तुम्ही हसताय ना? आणि मग एक कागद पुढे आला. आमचं पत्र. घर सोडताना ते कपाटात राहिलं होतं. तुमच्या गुरुजींनीच लिहिलंय, तुम्ही समंजसपणे सांभाळून घेत होतात. हे खरं की खोटं?

आमच्या पत्राला निशाणी क्रमांक मिळाला. आयुष्यात आमच्या बऱ्याच लेखनाची कुणी दखल घेतली नाही. याची घेतली गेली.

दास्ताने खटल्यातही पत्रांना मोठं स्थान आहे. नवरा-बायकोची, सासऱ्यांची, वडिलांची पत्रं. वाचताना जाणवतं, की संसारात लिहिलेलं पत्र एका कामासाठी लिहिलेलं असतं. भांडण मिटावं, घर राहावं, समोरच्याचा राग उतरावा. न्यायालयात तेच पत्र दुसऱ्या कामाला जुंपलं जातं. घर टिकवायला केलेली भाषा घर मोडण्याच्या खटल्यात कबुली ठरते. तिथे पत्र वाचताना ‘हे कोणत्या धाकात, कोणत्या आशेत लिहिलं’ हा प्रश्न आधी विचारायला हवा. आमचं पत्र तर धाकातही नव्हतं. ते निव्वळ अज्ञानातून आलं होतं.

यातून मूळ अडचण दिसते. कायद्याला घटना लागतात आणि संसारातलं क्रौर्य बहुधा घटना नसतं, ते वळण असतं. ॲरिस्टॉटलने सद्‌गुण आणि दुर्गुण यांना सवयीने मुरलेली मनाची ठेवण मानलं. एक शूर कृत्य केल्याने माणूस शूर ठरत नाही. तसंच, एक थप्पड मारणारा माणूस पश्चात्तापाने पोळू शकतो, आणि कधीच हात न उचलणारा माणूस रोज सकाळी उठून दुसऱ्याला थोडं थोडं लहान करत राहू शकतो. पहिल्याची तारीख सांगता येते. दुसऱ्याची नाही.

न्यायालयांना हे कळलेलं नाही असं नाही. 1988च्या शोभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की छळण्याचा हेतू सिद्ध झालाच पाहिजे असं नाही. 1994च्या भगत खटल्यात मानसिक क्रूरतेची कसोटी दिली, की दुखावलेल्या पक्षाने अशा माणसाबरोबर राहावं अशी अपेक्षा रास्तपणे करता येणार नाही, इतकं ते वागणं असावं. आणि 2007च्या समर घोष खटल्यात चौदा मुद्द्यांची यादी दिली, ती परिपूर्ण नाही हे आवर्जून सांगून. त्या यादीत दीर्घकाळ चाललेली अवहेलना आणि दुर्लक्ष आहे, न बोलता घेतलेले एकतर्फी निर्णय आहेत. त्याचबरोबर असंही आहे, की संसारातल्या किरकोळ कुरबुरी, रोजची झीज, ही क्रूरता नव्हे.

ही ‘रोजची झीज’ आम्हांला छळते. कारण आमचं ‘भांड्याला भांडं’ म्हणजे तेच. दोन भांडी एकमेकांवर आपटली तर दोघांनाही पोचा पडतो. ती कुरबुर. पण एकच भांडं झिजत चाललंय आणि दुसरं जसंच्या तसं आहे, तर त्याला परस्परांची झीज कसं म्हणायचं? ते घासणं आहे. कुरबूर आणि क्रौर्य यांतला फरक प्रसंग किती मोठा यावर ठरत नाही. झीज कुणाची होते आहे, यावर ठरतो. हे पाहिलं की ‘क्षुल्लक’ हा शब्द आपोआप गळून पडतो.

आणि याद्यांचा आणखी एक धोका आहे. यादीत रूढी शिरते आणि तत्त्वाचा वेष घेते. 2016च्या नरेंद्र खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीने नवऱ्याला आईवडिलांपासून वेगळं राहायला लावण्याचा आग्रह हा क्रूरतेचा भाग धरला. त्या खटल्यात इतरही गंभीर गोष्टी होत्या, आत्महत्येच्या धमक्या होत्या, खोटे आरोप होते. ते बाजूला ठेवू. पण मुलाने म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणं हे त्याचं पवित्र कर्तव्य, आणि योग्य कारणाशिवाय त्याला त्यांच्यापासून तोडणं हा छळ, असा जो युक्तिवाद तिथे आहे, तो आम्ही उलटा करून पाहतो. मुलीलाही आईवडील असतात. तिला त्यांच्यापासून लग्नाच्या दिवशीच वाजतगाजत तोडलं जातं, आणि त्याला कुणी छळ म्हणत नाही. आपण त्याला पाठवणी म्हणतो. समोरची विशिष्ट माणसं पाहा, असं 1975 साली सांगणाऱ्या न्यायालयाने 2016 साली आदर्श पुत्राचं चित्र समोर ठेवावं, ही आमच्या मते पीछेहाट आहे.

आता तुमच्यातले तरुण म्हणतील, सर, एवढा खटाटोप कशाला? दोष सिद्ध करायची अटच काढून टाका. नाही जमत, संपलं. हा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो. 2018 मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने चाळीस वर्षांच्या संसारानंतर एका बाईंचा घटस्फोट नाकारला, कारण नवऱ्याचं वागणं कायद्याला पुरेसं वाईट ठरलं नाही. न्यायमूर्तींनाच ते अवघड वाटलं. त्यानंतर तिथला कायदा बदलला, आणि एप्रिल 2022 पासून दोष सांगावाच लागत नाही. आपल्याकडे विधी आयोगाने 1978 मध्येच सुचवलं, की लग्न सुधारण्यापलीकडे मोडलं असेल तर ते कारण माना. 2013 मध्ये तसं विधेयक राज्यसभेने मंजूर केलं. लोकसभेत ते झालं नाही. 2023 मध्ये घटनापीठाने सांगितलं, की सर्वोच्च न्यायालय आपल्या विशेष अधिकारात असं लग्न संपवू शकतं. पण ते दिल्लीत. तालुक्याच्या गावातल्या बाईने तिथवर जायचं कसं?

दार उघडत नाही म्हणून मग शब्द ताणला जातो. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं, की पूर्ण मोडलेलं लग्न चालू ठेवणं हीच दोन्ही बाजूंची क्रूरता. हेतू दयाळू आहे. पण कुणीच क्रूर नसताना क्रूरता म्हणायला लागलो, तर खरोखर क्रूर माणसासाठी कोणता शब्द उरेल?

हा परदेशी विचार आहे, असंही कुणी म्हणू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात परस्परांच्या द्वेषाने सुटका सांगितली आहे. दोघांना एकमेकांचा वीट आला, एवढं पुरे. अर्थात एकालाच नको असेल तर सुटका नाही, आणि धर्मविवाहांना तर ती नाहीच, हेही तिथेच आहे. पण आपल्या भाषेत काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द कुठून आले? ज्या जातींत घटस्फोट रूढ होता, त्यांच्या घरांतून आले. 1955च्या कायद्यानेही कलम 29 मध्ये ही रूढी राखून ठेवली. घटस्फोट माहीत नव्हता तो वरच्या मानलेल्या थोड्या जातींना, आणि त्यांनी आपलं अज्ञान सगळ्यांची संस्कृती म्हणून खपवलं.

तर मग दोषाचा विचारच सोडायचा का? इथे आम्ही थांबतो. कारण ती हकीकत अजून संपलेली नाही.

खटला लांबला. शेवटी दोन्ही वकिलांनी सुचवलं, परस्पर संमतीने मिटवा. तीही सोय 1976च्या दुरुस्तीनेच आलेली. आरोप मागे घेतले गेले. नव्या अर्जात स्वभाव न जुळल्याने एकत्र राहणं शक्य नाही, असं एक वाक्य आलं. ती सुटली. भेटायला आली तेव्हा म्हणाली, “सर, सुटले. पण माझ्यावर काय झालं, ते कुठंच लिहिलं गेलं नाही. कागदावर आम्हा दोघांचे स्वभाव जुळले नाहीत.”

म्हणून आम्हांला वाटतं, कायदा दोन वेगळे प्रश्न एकाच दोरीत बांधतो. पहिला प्रश्न, हे लग्न चालू राहावं का? दुसरा, इथे कुणी कुणावर अन्याय केला का? पहिल्याचं उत्तर द्यायला दोष सिद्ध करायची गरज नसावी. ज्याला राहायचं नाही, त्याला दुसऱ्याची बदनामी करणं हे सुटकेचं भाडं म्हणून भरावं लागू नये. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ज्याला हवं, त्याला मिळालं पाहिजे. पोटगीत, मुलांच्या ताब्यात, राहत्या घराच्या हक्कात, आणि निदान एका परिच्छेदात, की हो, या व्यक्तीवर अन्याय झाला. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ ओळखला, तेव्हा तो लग्न मोडण्याची अट न घालता ओळखला. रस्ता आहे, तो रुंद करायचा आहे. आणि ज्यांना भीती वाटते, की दोष न मागणारा घटस्फोट म्हणजे निर्धन बायकोला रस्त्यावर सोडायचा परवाना, त्यांची भीती खरी आहे. म्हणून आर्थिक तोडगा आधी, सुटका त्याच्याबरोबर, हा क्रम आम्ही सोडणार नाही.

आणि कलम 23 मधली माफी? ती राहू द्यायची असेल तर राहो, पण ज्याने माफ केलं असं म्हणायचं, त्याच्या तोंडून ती आली पाहिजे. न्यायालयाने शय्येवरून आणि फोटोवरून तिचं अनुमान काढू नये.

शेवटी एक जुना शब्द. यक्षाने युधिष्ठिराला श्रेष्ठ धर्म कोणता असं विचारलं, तेव्हा त्याने प्रेम म्हटलं नाही, त्याग म्हटलं नाही. आनृशंस्य म्हटलं. नृशंसपणाचा, क्रौर्याचा अभाव. आणि त्याच तत्त्वाने त्याने सख्ख्या भावांना सोडून माद्रीच्या मुलाचा, नकुलाचा जीव मागितला, दुसरी आई रिकाम्या हाताने राहू नये म्हणून. लग्नात प्रेमाची सक्ती कायदा करू शकत नाही, आणि करू नये. पण आनृशंस्य ही किमान मागणी आहे. ती पुरी होते की नाही, हे घटना मोजून कळत नाही. त्यासाठी आमच्या पत्नीने विचारलेला प्रश्न विचारावा लागतो, घरी जायची भीती वाटते का? 1955च्या कायद्यात ‘धास्ती’ या शब्दातून तो प्रश्न ओबडधोबडपणे का होईना, होता. त्याचा जाच काढताना आपण प्रश्नही काढून टाकला. तो अट म्हणून नको, पण ऐकण्याची पद्धत म्हणून परत हवा.

तुमच्याकडे कुणी लेक, सून, मित्र, भाऊ येईल आणि म्हणेल, सांगायला गेलं की क्षुल्लक वाटतं. आम्ही केलं ते करू नका. कौतुकाचं पत्र लिहू नका. आधी विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. पहिला मान मागच्या रांगेतल्या त्या बाईंचा, त्यांनी मघापासून हात वर केला आहे.